शिफ्ट, गरबा आणि एकवीस किलोमीटर

जानेवारीचा तिसरा रविवार हा मुंबई मॅरेथॉनचा दिवस. २००४ साली ही शर्यत सुरू झाली आणि कोविडची दोन वर्षं सोडली तर नेमाने होत आली आहे. सिल्वासाहून ती तशी जवळच. पंधरा-सतरा किलोमीटरवर वापी स्टेशन, तिथून गाडीने अडीच-तीन तासांत मुंबई. त्यामुळे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी एकदा विषय काढतो आणि नव्याने नोकरीला लागलेली मुलंमुली नाव नोंदवायचं ठरवतात. नोकरी नवी, गाव नवं, ओळखी नव्या आणि त्यातच पळण्याचा सराव. हे सगळं एका आठवड्यात कसं बसवायचं, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू. पळण्याची काहीही माहिती नसली तरी चालेल.

आधी हिशोब मांडू. आठवड्याचे तास १६८. त्यातले कामाचे ४८, झोपेचे रोज आठप्रमाणे ५६. उरतात ६४. येणं-जाणं, स्वयंपाक, कपडे, बाजार यांत निम्मे गेले तरी तीसेक तास हातात राहतात. २१ किलोमीटरच्या तयारीला आठवड्याला चार-पाच तास पुरतात. म्हणजे वेळ आहे. तरीही पुष्कळ जण मध्येच सराव सोडतात, कारण झोपेचे ते ५६ तास कागदावरच राहतात. लग्नाहून रात्री एकला परतणं, पहाटे पाचला पळणं आणि सातला कंपनीत हजेरी लावणं यातलं प्रत्येक काम आपण करू शकतो. तिन्ही एकाच रात्रीत करायला गेलो की शरीर बिघडतं. म्हणून पुढची सगळी मांडणी झोपेभोवती केली आहे.

हा नुसता अंदाज नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शाळकरी खेळाडूंची झोप आणि त्यांना झालेल्या इजा तपासल्या होत्या. रोज आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये इजा होण्याची शक्यता १.७ पट निघाली. ती मुलं आपल्याहून लहान होती आणि त्यांना रात्रपाळीही नव्हती. नोकरदार माणसाने तर या आकड्याकडे जास्तच लक्ष द्यावं.

पहिला टप्पा शर्यत निवडण्याचा. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अर्धी सुमारे २१.१ ची, आणि त्याखाली १० किलोमीटर. आज आपण मध्ये थोडं चालत का होईना, पाच किलोमीटर सहज पार करत असाल तर अर्धी घ्यावी. तेवढंही होत नसेल तर यंदा दहाची घ्यावी. पूर्ण मॅरेथॉनचा विचार नोकरीच्या पहिल्या वर्षी मनातही आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत तिच्यासाठी आधीच्या शर्यतीतल्या वेळेचा दाखलाही लागतो. नावनोंदणी साधारण ऑगस्टमध्ये उघडते आणि अर्धीच्या जागा लवकर भरतात. जागा हुकली तर डिसेंबरातली वसई-विरारची शर्यत आहे. तीही आपल्याच रेल्वेमार्गावर, मुंबईच्या अलीकडे. मात्र मग पुढे दिलेलं सगळं वेळापत्रक महिनाभर आधी ओढावं लागेल.

नाव नोंदवण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवावं. वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीत दाटत असेल, तर हे टाळूच नये. कंपनीत रुजू होताना झालेली वैद्यकीय तपासणी कामासाठीची असते. पळण्यासाठी ती पुरेशी धरू नये.

पुढचं काम शिफ्टचा चार्ट मिळवण्याचं. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो इंटरनेटवरून सोळा आठवड्यांचा तयार तक्ता उतरवून घेतो. त्या तक्त्यात मंगळवारी पहाटे अमुक आणि रविवारी तमुक असं लिहिलेलं असतं. आपली साप्ताहिक सुट्टी रविवारी असेलच असं नाही, आणि पाळी तर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला फिरते. तक्ता पहिल्याच फिरतीला कोलमडतो आणि आपल्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. म्हणून वार विसरावेत. महिन्याचा चार्ट भिंतीवर लावावा आणि सुट्टीचा दिवस कोणता, पाळी कधी बदलते, एवढंच त्यावर रंगाने दाखवावं.

मग त्याच चार्टवर झोप लिहावी, पळण्याच्या आधी. पहिल्या पाळीला कंपनीची बस पहाटे सहाच्या सुमारास येत असेल तर रात्री साडेनऊला अंथरुणावर. दुसऱ्या पाळीहून घरी यायला साडेअकरा-बारा वाजत असतील तर सकाळी आठपर्यंत झोप. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी आल्यावर थोडं खाऊन दुपारी तीनपर्यंत. ही झोप तोडून कुणाला भेटायचं नाही आणि पळायचंही नाही. खोलीत तीन-चार जण राहत असतील तर हे जड जातं. जाड पडदा, डोळ्यांवर पट्टी आणि खोलीतल्या मंडळींशी आधीच बोलून ठेवणं, हे तीन उपाय साधे आहेत आणि उपयोगी पडतात.

आता पळण्याकडे येऊ. आठवड्यात तीनदाच पळायचं. एक लांब पल्ल्याची धाव, जिला पळणारे लॉंग रन म्हणतात. एक निवांत धाव, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. आणि एक थोडी जलद. हिच्यात दहा मिनिटं सावकाश पळून मग तीन-चार मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं चार वेळा करायचं आणि शेवटी पुन्हा सावकाश पळायचं. याशिवाय घरच्या घरी दोनदा दहा-पंधरा मिनिटं उठाबशा, टाचा उचलणं, प्लँक. प्लँक म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणं. नव्या नोकरीत याहून जास्त करू नये.

निवांत धाव खरोखर निवांत हवी. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. घड्याळात कालच्यापेक्षा चांगला आकडा दिसावा म्हणून रोजच अर्धवट जोरात पळतात, तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते आणि पाळीत उभं राहणंही कठीण होतं. लांब धाव तर याहूनही सावकाश. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं केलं तरी शरीराला लाभ तोच मिळतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या तीन धावा पाळीप्रमाणे कशा बसवायच्या?

जनरल शिफ्ट सोपी. आठवड्यात दोन पहाटा आणि सुट्टीच्या दिवशी लांब धाव. पहिल्या पाळीत पहाटे पळायला जाऊ नये, संध्याकाळी पाचनंतर जावं. पहाटेच पळायचं म्हणून तीन वाजता उठणारे उत्साही लोक असतात, पण महिनाभरात यंत्रासमोर त्यांचे डोळे मिटायला लागतात. ते कंपनीतही धोक्याचं आणि घरी येताना बाइकवरही.

दुसरी पाळी पळणाऱ्याला सगळ्यात सोयीची, असं मी ठामपणे म्हणेन. सकाळी आठला उठावं, नऊच्या आत पळून यावं, दुपारी ताजंतवानं कामावर जावं. उन्हाळ्यात एवढ्या उशिरा पळणं सोसणार नाही, पण नोव्हेंबर ते जानेवारी सकाळ बरी असते. जपानच्या युकी कावाउचीचं उदाहरण इथे देण्यासारखं आहे. सायतामा प्रांतातल्या एका हायस्कूलच्या कार्यालयात तो पूर्ण वेळ नोकरी करायचा. काम दुपारी सुरू होऊन रात्री नऊनंतर संपायचं. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. तो सकाळी एकदाच करायचा, आणि जवळपास दर सुट्टीला कुठली तरी शर्यत पळायचा. एप्रिल २०१८ मध्ये थंडी-पावसात झालेली बॉस्टन मॅरेथॉन त्याने २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकली. नोकरी सोडली ती त्यानंतर, २०१९ मध्ये.

आपल्याकडची मोठी उदाहरणं थोडी वेगळी आहेत. साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्या रेल्वेकडून खेळत. खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीत सरावाला मोकळीक असते. आपल्याला ती नसते, म्हणून त्यांचा सराव डोळ्यासमोर ठेवून आपला आठवडा आखू नये. प्रेरणा त्यांच्याकडून घ्यावी, वेळापत्रक कावाउचीचं पाहावं.

रात्रपाळीच्या आठवड्यात नियम एकच, आधी झोप मग पळणं. सकाळी कंपनीतून परस्पर पळायला जाणं चुकीचं, कारण जागरणाने पावलं नीट पडत नाहीत आणि नंतर ऊन डोक्यावर आलं की झोपही लागत नाही. दुपारी तीनला उठून संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धा-पाऊण तास निवांत पळावं. जलद धाव आणि लांब धाव त्या आठवड्यात नकोच. लांब धाव पुढे ढकलून पाळी बदलल्यावर, एक पूर्ण रात्र झोप झाल्यानंतरच्या दिवशी करावी. बारा तासांची पाळी असेल तर दोन छोट्या धावा आणि सुट्टीला एक लांब, यावर समाधान मानावं.

कुठे पळायचं हेही ठरवून ठेवावं. वापीचा रस्ता आणि औद्योगिक वसाहतींमधले रस्ते पहाटे मोकळे वाटतात, पण तीच वेळ कंटेनर आणि ट्रकची. रात्रभर चालवून थकलेला चालक समोरून येत असतो. छोट्या धावांना दमणगंगेच्या काठचा रिव्हरफ्रंट चांगला. पावसाळ्यात मधुबन धरणातून पाणी सोडलं जातं तेव्हा मात्र काठावर जाऊ नये. लांब धावेसाठी खानवेलचा रस्ता. सिल्वासा ते खानवेल साधारण वीस किलोमीटर. वसाहती मागे पडल्या की झाडी लागते आणि रस्ता चढ-उतारांचा होतो. हे चढ मोलाचे आहेत, कारण मुंबईत शर्यतीच्या उत्तरार्धात पेडर रोडचा चढ लागतो आणि सपाटीवर सराव केलेले पाय तिथे जड होतात.

रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळावं, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि कानात काही घालू नये. लांब धावेला एकट्याने जाऊ नये. बाइकवर पाणी घेऊन सोबत येणारा एखादा मित्र मिळाला तर उत्तमच.

आता सणवार आणि माणसं. इथे थोडा जास्त वेळ घालवू, कारण सिल्वासातलं सामाजिक आयुष्य लहान गावाच्या मानाने फार भरगच्च आहे. गुजराती, मराठी, उत्तर भारतीय, ओडिया, मल्याळी, सगळ्यांचे सण एकाच सोसायटीत साजरे होतात. त्यात कंपनीची क्रिकेट स्पर्धा, पहिल्या पगाराची पार्टी, दमण किंवा दुधणीची सहल, आणि मुंबई-नाशिकहून येणारे जुने मित्र.

शर्यतीच्या रविवारापासून सोळा आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा शेवट येतो. म्हणजे तयारी सुरू होते आणि नवरात्र जवळजवळ त्याच सुमाराला येतं. नऊ रात्री गरबा आणि सकाळी पळणं, दोन्ही जमवायला जाऊ नये. दोन-तीन तास गरबा खेळणं हा पायांचा सरावच आहे, तोही बहुतेकदा अनवाणी. पोटऱ्या आणि टाचांवर त्याचा ताण येतो. म्हणून ज्या रात्री गरबा, त्या दिवशीची धाव झाली असं चार्टवर लिहून टाकावं. नवरात्राच्या आठवड्यात फक्त एक जलद धाव आणि एक मध्यम लांब धाव ठेवावी. मनसोक्त खेळावं, अपराधी वाटून घेऊ नये.

असं केल्याने मागे पडू, ही भीती बहुतेकांना वाटते. १९८१ मध्ये हिक्सन आणि रोझेनकोएटर यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग या बाबतीत दिलासा देणारा आहे. त्यांनी काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं कसून सराव करून घेतला. मग पुढचे पंधरा आठवडे काहींचा सराव चार दिवसांवर आणि काहींचा दोन दिवसांवर आणला. मात्र सरावाचा जोर तोच ठेवला. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे माप त्यांनी तपासलं, आणि दोन दिवस सराव करणाऱ्यांमध्येही ते टिकून राहिलेलं दिसलं. म्हणजे सणाच्या पंधरवड्यात दिवस कमी केले तरी चालतं. एक जोराची धाव तेवढी सोडू नये.

नवरात्रानंतर साधारण तीन आठवड्यांनी दिवाळी. गावी जाणार असाल तर बूट बरोबर घ्यावेत आणि दोनदा अर्धा-अर्धा तास पळावं, पुरे. लांब धावेचं अंतर सप्टेंबरअखेर सहा-सात किलोमीटर, दिवाळीच्या आधी दहा, दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा आठ, आणि नोव्हेंबर संपता संपता चौदा असं वाढवत न्यावं. दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त वाढ नको, आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावं.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. नव्या ओळखीच्या लोकांनी आवर्जून बोलावलेलं असतं आणि न जाणं बरं दिसत नाही. जावं, पण लवकर जाऊन लवकर परतावं. वरमाला होईपर्यंत थांबून जेवायच्या रांगेआधी निघालेल्या पाहुण्याला कुणी नावं ठेवत नाही. यजमानांना येताक्षणीच भेटून घ्यावं, म्हणजे आपण आलो होतो हे त्यांच्या लक्षात राहतं. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री बाहेर, असा बेत दिसला की त्या आठवड्यातली जलद धाव गाळावी. झोप गाळू नये.

पंचांगाची इथे चांगली मदत होते. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत गुजराती मंडळींची कमुरतं असतात, आपल्याकडे धनुर्मास. या काळात लग्नं जवळपास थांबतात. आपल्या तयारीतले सगळ्यात कष्टाचे आठवडे, सोळा आणि अठरा किलोमीटरच्या धावांचे, नेमके याच महिन्यात येतात. हवाही याच दिवसांत थंड असते. म्हणून आधीच्या दोन महिन्यांत थोडं कमी झालं तरी घाबरू नये, हा महिना मात्र जपून ठेवावा. सगळ्यात लांब धाव, अठरा किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी करावी. ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीआधी ती पार पडेल असं पाहावं.

दारूबद्दलही सांगायला हवं. शेजारच्या गुजरातेत बंदी, इथे ती नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी सिल्वासातली हॉटेलं भरलेली असतात आणि ऑफिसच्या पार्टीत ग्लास हातात येतोच. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक होते आणि शरीरातलं पाणीही कमी होतं. लांब धावेच्या आदल्या रात्री अजिबात नको. दुसऱ्या दिवशी सकाळी धाव आहे एवढं सांगितलं की बहुतेक सहकारी आग्रह करत नाहीत.

मित्र टिकवायचा एक चांगला मार्ग म्हणजे त्यांनाच निवांत धावेला बोलावणं. त्यांनी सायकल चालवली, नुसतं चालले, तरी चालेल. नंतर सगळ्यांनी मिळून खमण किंवा पोहे आणि चहा. संध्याकाळच्या दोन तासांच्या बैठकीचं काम सकाळच्या पाऊण तासात होतं.

कंपनीत काय बोलायचं? पहिले दोन-तीन महिने काम शिकण्याचाच शीण फार असतो. दिवसभर खुर्चीवर बसूनही घरी आल्यावर अंगात त्राण उरत नाही. तो शीण खरा आहे, आळस नाही. अशा दिवशी धाव अर्धी करावी. प्रोबेशनच्या काळात पळण्यासाठी वारंवार सवलत मागू नये. मागायची ती एकदाच, आणि लवकर. शर्यतीचा शनिवार, रविवार आणि जमल्यास सोमवार यांसाठी नोव्हेंबरातच सुपरवायझरशी बोलावं. सहकाऱ्याशी पाळी बदलून घ्यायची असेल तर त्याच्या सणाला आपण आधी उभं राहावं. ओडिया सहकाऱ्याला रथयात्रेला, उत्तर भारतीयाला छठला, मल्याळी सहकाऱ्याला ओणमला सुट्टी हवी असते. बदलीचं ठरलं की ते चार्टवर लिहून घ्यावं, तोंडी ठेवू नये.

खाण्याचं फार अवघड करू नये. कॅन्टीनमध्ये मिळणारी डाळ, भात, भाजी, पोळी पुरेशी आहे. तळलेलं कमी आणि डाळीची एक वाटी जास्त घ्यावी. या भागात नाचणीला नागली म्हणतात. तिची भाकरी रोजच्या जेवणाला उत्तम, पण लांब धावेच्या आदल्या रात्री पोटाला हलका वरणभात बरा. धाव तासाभरापेक्षा मोठी असेल तर पाण्यात लिंबू, मीठ आणि साखर घालून न्यावी. तहान लागेल तसं प्यावं. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पिणंही धोक्याचं असतं, त्याने रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरून चक्कर येऊ शकते.

दुखणं ओळखायला शिकावं. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच ठणकत असतील तर तो श्रमाचा ठणका, दोन दिवसांत जातो. एकाच हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल आणि पळताना ते वाढत असेल तर पळणं लगेच थांबवावं. हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवावं. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं हा फार वाईट उपाय आहे. दुखणं झाकलं जातं आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवरही ताण येतो. पावसाळ्यानंतर डेंग्यू किंवा मलेरिया झाला तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पळू नये, मग शर्यत गेली तरी चालेल.

शेवटचे दोन आठवडे सराव मुद्दाम कमी करायचा. पळणारे याला टेपर म्हणतात. अठरानंतर पुढच्या आठवड्यात तेरा-चौदा, त्याच्या पुढे आठ-नऊ आणि मग शर्यत. या दिवसांत पाय उगाच जड वाटतात आणि एखादी मोठी धाव करून खात्री करून घ्यावीशी वाटते. ती करू नये. आता केलेल्या मेहनतीचा या शर्यतीत उपयोग होत नाही, थकवा तेवढा सोबत येतो.

आणि नेमकी मधेच उत्तरायण येते. १४ जानेवारी आणि १५ ची वासी उत्तरायण. शर्यत त्यानंतर कधी अगदी लागूनच तर कधी आठवड्याच्या आत असते. दोन दिवस गच्चीवर उन्हात उभं राहणं, मान वर करून पतंग उडवणं, उंधियू, जिलेबी, चिक्की. गच्चीवर जावं, पण दुपारी सावलीत बसावं, टोपी घालावी, पाणी प्यावं आणि उंधियू चवीपुरतं घ्यावं. त्या आठवड्यात रस्त्यावर पळताना मांज्याचं भान ठेवावं. गळ्याच्या उंचीवर लोंबणारा मांजा पहाटेच्या अंधारात दिसत नाही. ते दोन-तीन दिवस सोसायटीच्या आवारात किंवा मैदानावर पळणंच शहाणपणाचं.

शर्यतीच्या आदल्या दिवसाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. म्हणून शुक्रवारी रात्रपाळी असेल तर ती बदलून घ्यावीच. शनिवारी सकाळच्या गाडीने वापीहून निघून दुपारपर्यंत बिब घ्यावं आणि मग पाय वर करून पडावं. प्रदर्शनात नवे बूट स्वस्तात मिळतात म्हणून घेऊन दुसऱ्या दिवशी तेच घालणारे दरवर्षी असतात. असं करू नये, बूट किमान महिनाभर पायात रुळलेले हवेत. मुक्काम माहीम-दादरकडच्या नातेवाइकांकडे मिळाला तर बरं, कारण अर्धी मॅरेथॉन माहीमहून पहाटे सुटते. मात्र त्यांना आधीच सांगावं की रात्रीचं जेवण आठला हवं आणि साधं हवं. त्या रात्री झोप नीट लागत नाही, आणि त्याने फारसं बिघडत नाही. शुक्रवारची झोप पूर्ण झालेली असावी.

सुरुवातीचे पाच किलोमीटर मुद्दाम सावकाश पळावेत. गर्दी, ढोल, आणि एरवी पायी जायला बंदी असलेल्या सी-लिंकवर पहाटेचा वारा, या सगळ्यात वेग आपोआप वाढतो आणि त्याची किंमत पेडर रोडवर मोजावी लागते. जानेवारीतही मुंबईची हवा सिल्वासापेक्षा दमट असते, हे धरूनच वेग ठरवावा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रावर थांबावं.

परतीसाठी रविवारी संध्याकाळी मुंबईहून सुटणारी फ्लाइंग राणी सोयीची, ती वापीला थांबते. तिकीट आधीच काढून ठेवावं, कारण अडीच-तीन तास दारात उभं राहण्याची ताकद तेव्हा पायांत नसते. सोमवारी रजा मिळाली तर झोपून काढावी. कामावर जावंच लागलं तर सुपरवायझरला सकाळीच सांगावं आणि त्या दिवशी शिडीवर चढण्याचं किंवा जड उचलण्याचं काम घेऊ नये. पुढचा आठवडा पळायचं नाही, फक्त चालायचं. कमुरतं संपल्याने लग्नांच्या पत्रिका पुन्हा येऊ लागलेल्या असतील. या वेळी जेवणाच्या रांगेपर्यंत थांबावं, आणि पुढच्या शर्यतीचं नाव फेब्रुवारीचा शिफ्ट चार्ट हाती आल्याशिवाय नोंदवू नये.